एका घराने आवरत नाही असा पसारा

रोहिणखेडचे नाव इतिहासाच्या पुस्तकांत येते ते लढायांमुळे. १४३७ मध्ये खानदेशच्या नासिरखान फारुकीची फौज बहामनी सेनापतीने इथेच मोडली. सोळाव्या शतकाच्या अखेरीस बुऱ्हाण निजामशहाने जमालखानाला हरवून अहमदनगरची गादी मिळवली, तीही याच परिसरात. बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातले हे गाव घाट उतरून येणाऱ्या वाटेवरचे, म्हणून फौजा इथून जायच्या. आता दसऱ्यानंतर इथल्या रस्त्यांवर दिसतात त्या बाजाराकडे निघालेल्या सोयाबीन-कापसाच्या गाड्या, आणि परतताना त्याच गाड्यांत दिवाळीचा किराणा.

सणासुदीच्या ताणाबद्दल शहरात जे लिहिले जाते त्यात ऑफिसची रजा, दुकानांतली गर्दी आणि मुलांचे हट्ट असतात. शेतकरी घराचा ताण निराळा असतो आणि तो थेट पंचांगात बसलेला असतो. आश्विनात सोयाबीन काढून मळणीयंत्रातून निघालेले असते. कपाशीची बोंडे फुटलेली असतात आणि पहिली वेचणी उभी राहते. सोयाबीन निघालेल्या रानात ओल उडायच्या आत हरभरा पेरायचा असतो. वेचणी हे बहुतांशी बायांचे काम, मजुरी किलोवर. म्हणजे दिवस मोडला की पैसा बुडाला. त्याच बाईने त्याच आठवड्यात घर सारवायचे किंवा रंगवायचे, गोधड्या धुवायच्या, डबे घासायचे, अनारशाचे तांदूळ भिजवायचे आणि रात्री अकरा वाजता चकल्या तळायच्या, अशी ही मांडणी आहे.

यात पैशाचा एक हिशेब सहसा कुणी मांडत नाही. नुकत्याच निघालेल्या सोयाबीनमध्ये ओलावा जास्त असतो. सरकारी खरेदी केंद्रावर हमीभावाने माल घालायचा तर ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो. २०२४ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारातला दर त्याच्या बराच खाली होता. ओरड झाल्यावर ओलाव्याची अट १५ टक्क्यांपर्यंत सैल झाली, पण ती नोव्हेंबरात, दिवाळी उरकल्यावर. ज्याला वसुबारसेच्या आत हातात रोकड हवी होती त्याने माल व्यापाऱ्याला देऊन टाकला होता. क्विंटलमागे ५०० रुपयांचा फरक धरला तरी दहा क्विंटलमागे ५,००० रुपये गेले. कपडे, फटाके, किराणा यांचे बिल दिसते. हे बिल दिसत नाही, कारण ते बाजार समितीच्या काट्यावर फाटते.

पैशाच्या मागोमाग वस्तू येतात. वऱ्हाडात गौरींना महालक्ष्म्या म्हणतात आणि त्यांचा थाट मोठा असतो. ज्येष्ठा-कनिष्ठेचे मुखवटे, त्यांच्या कोठ्या, साड्या, दागिने, वर टांगायचा फुलोरा, सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळी. मुखवटे आणि कोठ्या पिढ्यान्‌पिढ्या चालतात, त्यांची कुरकूर कुणी करत नाही. जागा खातात ती गेल्या वीसेक वर्षांत भोवती जमलेली मंडळी: प्लास्टिकच्या फुलांच्या माळा, विजेच्या तोरणांचे गुंते, फोमची कमान, झालरी, कृत्रिम धबधबा. तीन दिवसांसाठी उतरवायचे आणि उरलेले वर्षभर माळ्यावर. थर्माकोलची मखरे २०१८ च्या प्लास्टिकबंदीत बंद झाली. त्या वर्षी गणपतीपुरती सवलत मिळावी म्हणून प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाने ती नाकारली. बाजाराने मात्र थर्माकोलची जागा रिकामी राहू दिली नाही.

त्यात संक्रांतीचे वाण. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालते, आणि एका बाईला पंधरावीस घरची बोलावणी असली तर पंधरावीस वस्तू घरात येतात. चहाची गाळणी, साबणदाणी, स्टीलची वाटी, प्लास्टिकची डबी, कंगवा, पाकीट. देणाऱ्या बाईने त्या डझनाने घेतलेल्या असतात, म्हणून त्या स्वस्त असतात, आणि स्वस्त असतात म्हणून टिकत नाहीत. ब्लाउजपीसचे तर काही विचारूच नये. ओटीत आलेला खण शिवायला पुरत नाही किंवा रंग कुठल्याच साडीला जात नाही, तेव्हा तो पुढच्या ओटीत जातो आणि वर्षा-दोन वर्षांनी फिरून मूळ घरी येतो, त्याच घडीसकट. पुरुषांकडे हेच काम टोपी-टॉवेल करतात. लग्न, साखरपुडा, तेरवी, सत्कार, प्रत्येक ठिकाणी पाहुण्याच्या डोक्यावर टोपी आणि खांद्यावर टॉवेल. त्या टॉवेलाने अंग पुसल्याचे फारसे कुणी पाहिलेले नाही.

या वस्तूंचा माणसाच्या मनावर काय परिणाम होतो, हे अमेरिकेत मोजून पाहिलेले आहे. लॉस एंजेलिसमधल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने नोकरदार जोडप्यांच्या घरांचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्यातल्या डार्बी सॅक्सबी आणि रेना रेपेटी यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधासाठी नवरा-बायकोंना आपापले घर हिंडून दाखवायला सांगितले होते आणि त्यांच्या लाळेतले कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, दिवसातून अनेकदा तपासले होते. ज्या बायका घराबद्दल बोलताना पसारा आणि अर्धवट राहिलेली कामे यांचा उल्लेख अधिक करत होत्या, त्यांचे कॉर्टिसॉल दिवसभरात जसे उतरायला हवे तसे उतरत नव्हते. नवऱ्यांमध्ये हा संबंध तितका दिसला नाही. पसारा दोघांचा, पण तो आवरायचे काम आपले आहे असे एकीलाच वाटत असावे. आपल्याकडच्या आकड्यांवरून हे आश्चर्याचे वाटू नये. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायांचा दिवसाचा बिनपगारी घरकामाचा वेळ सरासरी २८९ मिनिटे आला, पुरुषांचा ८८. हा साधा दिवस. पाहणी करणारा वसुबारस ते भाऊबीज या दिवसांत चुलीशी जाऊन बसला तर काय आकडा लिहून आणेल, याची कल्पना करावी.

नाताळच्या भेटवस्तूंचा हिशेबही अर्थशास्त्रज्ञांनी केला आहे. जोएल वॉल्डफोगेल यांनी १९९३ मध्ये विद्यार्थ्यांना विचारले, की मिळालेल्या भेटीसाठी तुम्ही स्वतः किती पैसे मोजले असते? उत्तरांवरून निघाले, की भेटीच्या किमतीतला दहा टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंतचा भाग घेणाऱ्याच्या लेखी वायाच जातो. संक्रांतीच्या गाळणीला हे गणित लावले तर तोटा याहून मोठा निघेल, यात शंका नाही. पण वॉल्डफोगेल यांचे गणित भेटीची फक्त वस्तू म्हणून किंमत करते. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी १९२५ मधल्या आपल्या प्रसिद्ध निबंधात निराळेच दाखवले होते. देणे, घेणे आणि परत करणे ही तिन्ही बंधने असतात आणि त्यांवर समाजातली नाती उभी राहतात, असा त्यांचा मुद्दा. वाण फिरवणाऱ्या बायांना हे मॉसविनाच ठाऊक असते. कुणाकडून काय आले, आपण काय दिले, कुणाची ओटी राहिली, हे त्यांच्या तोंडपाठ असते.

म्हणूनच घर आवरण्याचे जपानी शास्त्र इथे अडखळते. मारी कोंदो यांच्या २०११ च्या पुस्तकाने जगभर लोकांना कपाटे रिकामी करायला लावली. वस्तू हातात घ्यावी, आनंद होतो का पाहावे, नसेल तर निरोप द्यावा. कपाटापुरते हे ठीक आहे. पण हळदीकुंकवाला रिकाम्या हाताने बोलावणारी पहिली बाई गावात साधेपणाची पुरस्कर्ती ठरत नाही, चिक्कू ठरते. टोपी-टॉवेल न देणाऱ्या घराने पाहुण्यांचा मान राखला नाही, असे पुढची दहा वर्षे ऐकावे लागते. सणाचा पसारा एका घरात साठतो, तयार मात्र सगळ्या घरांच्या मधल्या जागेत होतो. एकट्या घराने त्यातून अंग काढून घ्यायचे म्हटले तर खर्च वाचतो आणि लौकिक जातो, आणि गावात राहायचे असेल तर तो सौदा परवडत नाही.

सणवारी कमी करा, असा उपदेश शेतकऱ्याला दीडशे वर्षे होतो आहे. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून सावकारांविरुद्ध दंगे सुरू झाले, तेव्हा कुणबी लग्नकार्यांत आणि सणांत पैसा उधळतो म्हणून बुडतो, असे साहेबलोक सर्रास म्हणत. दंग्यांची चौकशी करणाऱ्या आयोगाने मात्र खतावण्या पाहून वेगळे मत दिले. कधीतरी होणाऱ्या लग्नापेक्षा पोटापाण्याची, बियाण्याची, बैलांची, सरकारी साऱ्याची लहानलहान, पुनःपुन्हा घ्यावी लागणारी कर्जे रयतेला जास्त बुडवतात, असा तो निष्कर्ष. तो आजही जवळ ठेवावा. दिवाळी साधी केली म्हणून सोयाबीनचा भाव वाढत नाही.

वऱ्हाडातल्याच दोन माणसांनी तो उपदेश वेगळ्या तऱ्हेने केला आणि लोकांनी तो ऐकला. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ मध्ये जन्मलेले गाडगेबाबा आधी गाव झाडत आणि मग कीर्तनाला उभे राहत. कर्ज काढून सण करू नका, तो पैसा मुलांच्या शाळेत घाला, हे ते समोरच्या माणसाला प्रश्न विचारविचारून त्याच्याच तोंडून वदवून घेत. कीर्तनाला सारा गाव जमलेला असे, म्हणून कबूल झालेली गोष्ट साऱ्या गावासमोर कबूल होई. स्वतःच्या मुलीच्या बारशाला त्यांनी रिवाजाप्रमाणे दारू-मटण न देता गोड जेवण घातले, याची जातभाईंत मोठी चर्चा झाली होती. तुकडोजी महाराजांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रामगीतेच्या ४१ अध्यायांत सण-उत्सवांना स्वतंत्र अध्याय दिला. त्यांनी सण मोडायला सांगितले नाहीत. सण घराघरांतून काढून गावाचे करावेत, असा त्यांचा रोख. त्यांच्याही आधी, २५ डिसेंबर १८७३ रोजी, सत्यशोधक समाजाचे पहिले लग्न पुण्यात कमी खर्चात लागले. ते निभावले कारण वधूवरांच्या पाठीशी एक संघटना उभी होती.

सण हलका झाल्याची अलीकडची उदाहरणे पाहिली तरी त्यांत ठराव असतोच. बेलापूरजवळच्या आग्रोळी गावात १९६१ पासून एकच गणपती बसतो. १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने ‘एक गाव एक गणपती’ची कल्पना राज्यभर नेली. वर्गणी एकदाच, मिरवणूक एकदाच, आणि डीजेवरून होणारी भांडणेही तेवढीच कमी. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या ‘होळी लहान करा, पोळी दान करा’ या मोहिमेतली युक्तीही पाहण्यासारखी आहे. नैवेद्य दाखवू नका असे त्यात कुणाला सांगितलेले नाही. पोळी होळीत न टाकता कार्यकर्त्यांच्या टोपलीत टाकायची आणि ती भुकेल्या माणसाकडे जायची. प्रथा मोडल्याचा डाग कुणावर येत नाही.

ग्रामसभा याहून अवघड गोष्टही करू शकते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने ४ मे २०२२ रोजी विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला, आणि दोन आठवड्यांच्या आत राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनी तो कित्ता गिरवावा असे परिपत्रक काढले. हळदीकुंकवाशी याचा थेट संबंध आहे. ज्या समारंभात वाणाची गाळणी महत्त्वाची आणि नवरा गेलेली शेजारीण दाराबाहेर, तिथे आधी काय काढायचे हे सांगायला नको. अशा ठरावाला कायद्याचा दंडुका नसतो. पण ‘आमच्या गावात असं ठरलंय’ हे वाक्य सासूपुढे म्हणता येते. एकट्या सुनेला ‘मला नाही वाटत’ म्हणता येत नाही.

किती कमी केले म्हणजे सण सण राहतो? २०२२ च्या दिवाळीत राज्य सरकारने याचे नकळत उत्तर दिले. ‘आनंदाचा शिधा’ म्हणून रेशन दुकानांतून १०० रुपयांत एक किलो रवा, एक किलो साखर, एक किलो चणाडाळ आणि एक लिटर पामतेल देण्यात आले. चार जिन्नस. त्यांत रव्याचे लाडू होतात, शेव होते, शंकरपाळ्यांना मैद्याऐवजी रवा चालतो. पिशव्या वेळेवर न पोचल्याच्या तक्रारी झाल्या, पिशवीवरच्या छायाचित्रांची थट्टा झाली, ते सगळे रास्तच होते. पण चार जिन्नसांत फराळ बसतो हे स्वयंपाकघरांनी सिद्ध करून दाखवले. फराळाचे आठ-दहा प्रकार प्रत्येक घरात झालेच पाहिजेत, हा दंडक जुना नाही. फराळाची ताटे शेजारीपाजारी फिरतात ती मुळात एकीच्या चकल्या आणि दुसरीचे अनारसे अदलाबदल व्हावेत म्हणून. आता दहाही घरांत दहाही पदार्थ असतात आणि ताटे तरीही फिरतात.

इथे गावागावांत विणलेले बचतगटांचे जाळे कामाला येते. उमेद अभियानातले गट नियमित बसतात, वही ठेवतात, कर्जाचा हप्ता चुकला तर घरी जाऊन विचारतात. दहा बायांच्या गटाने प्रत्येकीने एकच पदार्थ दहापट करायचा असे ठरवले, तर प्रत्येकीला दहा पदार्थांचा घाट न घालता एकाचाच घालावा लागतो. चकलीचे पीठ गिरणीत एकदाच दळले जाते, तेलाचा डबा ठोक भावाने येतो. अनेक गट फराळ विकण्यासाठी हे करतातच. स्वतःसाठी करायला कुणाची ना नाही, फक्त ते सुचत नाही. वाणाचेही तसेच. गटाने ठरवून वाणाचे पैसे एका ठिकाणी जमवले, तर त्यातून मोठे पातेले, सतरंज्या, शेवेचा मोठा सोऱ्या असे सामाईक सामान उभे राहते. मात्र हे बोलणे दसऱ्यानंतर काढून उपयोग नाही. तोवर किराण्याच्या याद्या झालेल्या असतात आणि बाया वेचणीला लागलेल्या असतात. पोळा झाला की विषय काढावा.

आधीच साठलेल्या वस्तूंचे काय, याला पूर्वी बोहारीण हे उत्तर होते. जुने लुगडे, फाटके धोतर द्यायचे आणि घासाघीस करून एखादे पातेले घ्यायचे. कापडाची किंमत दारातच ठरे, म्हणून टाकाऊ आणि उपयोगी यांचा निवाडाही तिथेच होई. इराणमधल्या मशहद शहरात २०१५ च्या अखेरीस सुरू झालेली माणुसकीची भिंत पुढच्या काळात आपल्याकडच्या अनेक शहरांत दिसली. नको असेल ते इथे ठेवा, हवे असेल ते न्या. कल्पना चांगलीच आहे. पण दिवाळीच्या आवराआवरीत अशा भिंतींशी कळकट पडदे, एकाच पायातल्या चपला आणि तुटक्या खेळण्यांचा ढीग लागतो. बोहारीण असले काही हातातही धरत नव्हती.

साधेपणाच्या ठरावांत एक जागा जपून हाताळावी लागते, ती भाऊबीजेची. दिवाळीला लेक आणायला मुऱ्हाळी पाठवायचा, तिला साडीचोळी करायची, ओटी भरून बोळवण करायची, हा खर्च यादीत मोठा दिसतो आणि कात्री आधी तिथेच जाते. त्या साडीमागे शेत आहे. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. प्रत्यक्षात गावोगावच्या बहिणी दुय्यम निबंधकाकडे जाऊन हक्कसोडपत्रावर सही करतात, बहुतेकदा एक रुपयाही न घेता. बदल्यात माहेरचा उंबरा उघडा राहावा, वर्षातून एकदा भावाने बोलवावे, एवढी अपेक्षा असते. दोन एकरांवरचा हक्क सोडलेल्या बाईला आठशे रुपयांची साडी ‘फालतू खर्च’ म्हणून बंद करणे, हा साधेपणाचा अजब हिशेब होईल. काही घरांत भाऊ साडीऐवजी बहिणीच्या खात्यात रक्कम टाकतात, काही जण भाचीच्या शाळेचा खर्च उचलतात. एखादी बहीण म्हणेल की साड्या पुरे झाल्या, सातबाऱ्यावर नाव लावा.

तेव्हा हा विषय ठरवायचा तर बहिणींसमोरच ठरवायला हवा. ग्रामसभा आणि बचतगटांच्या बैठका होतात तेव्हा त्या आपापल्या सासरी असतात. गावच्या मतदारयादीत त्यांची नावे नसतात, गटाच्या वहीत नसतात, भावकीच्या बैठकीत तर कधीच नसतात. साऱ्या लेकी एकाच वेळी गावात सापडतात ते पाडव्याच्या संध्याकाळपासून भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसापर्यंत, आणि पुढच्या वर्षाचे बोलणे करायचे तर तेवढेच दिवस हाती असतात.